सतरा गुळगुळीत कार्डं

राहत्या घराच्या जिन्याखाली जेवढी जागा उरते तेवढ्यात मावशीचं दुकान होतं. एक झेरॉक्सचं मशीन, एक लॅमिनेशनचं, कागद कापायचं पातं आणि एक स्टूल. उंच गिऱ्हाइकांचं डोकं पायरीला लागायचं, म्हणून असे लोक बाहेर रस्त्यावरूनच बोलायचे. सगळी वस्ती तिला मावशी म्हणायची. नवराही चारचौघांत मावशीच म्हणायचा, आणि घरात चिडला की जास्तच.

मावशीचा स्वभाव काळजीचा. कुणी दाखल्याची नुसती झेरॉक्स काढायला आलं तरी ती मूळ कागद हातात घेऊन उलटसुलट बघायची. "घडीवर फाटायला आलाय. आज लॅमिनेट करून घ्या. उद्या चहा सांडला की माझ्याकडे रडत येऊ नका." लोक हसायचे आणि करून घ्यायचे. घरातही औषधांच्या वेळा, फोन नंबर, वाण्याची यादी, गॅसवाल्याची पावती, सगळं चकचकीत प्लास्टिकमध्ये. नवरा म्हणायचा, "दुपारी पडलो तरी मी एक डोळा उघडा ठेवतो. नाहीतर मलाही मशीनमधून काढेल."

या काळजीला एक मूळ होतं, आणि ते मावशी कुणाला सांगत नसे.

तिची लेक नऊ वर्षांची असताना एक दिवस शाळेतून येऊन म्हणाली, "आई, फळ्यावरचं मधलं दिसत नाही." मावशी भाकरी थापत होती. ती म्हणाली, "नीट बघ." पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. "अभ्यास नको म्हणून सोंगं करू नकोस. नीट बघ." असं सहा महिने चाललं. शेवटी शाळेतल्या बाईंची चिठ्ठी आली तेव्हा ती लेकीला घेऊन डॉक्टरांकडे गेली. डोळ्याच्या आतला पडदा मधोमध झिजत होता. कडेकडेचं दिसत राहणार, मधलं पुसत जाणार. आधी आणलं असतं तरी काही करता आलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले. दुसऱ्या डॉक्टरांनी तेच सांगितलं, तिसऱ्यांनीही तेच. मावशीचा तिघांवरही विश्वास बसला नाही.

तेव्हा नवरा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा. लेकीच्या डोळ्यांचं कळल्यावर त्याने एकच केलं. जिथे गाडी थांबेल तिथून तो तिला एक पोस्टकार्ड टाकू लागला. हात आडदांड, बॉलपेनही पाना धरल्यासारखा धरायचा. कार्ड मांडीवर ठेवून, दाबून दाबून, बोटभर उंचीच्या अक्षरांत तीन वाक्यं लिहायचा. 'पोचलो. गाडी ठीक. जेवलो.' वर्षानुवर्षं हीच तीन.

एका दुपारी लेक कार्डाच्या पाठीवरून अंगठा फिरवत होती आणि एकदम ओरडली, "बाबा मागून लागतात!"

खरंच लागत होते. पेनाच्या दाबाने पाठीवर उंचवटे आले होते. तिथून तिला नाद लागला. कार्डावर टपाल कचेरीचा शिक्का बसतो. कुणी तो हलकेच टेकवतो, कुणी जुनं वैर असल्यासारखा हाणतो. कुठल्या कचेरीचा शिक्का कसा, हे ती अंगठ्याने ओळखायला शिकली. मग शेजाऱ्यांकडचे लिफाफे आले, रद्दीवाल्याकडचे आले. काहींवरचं तिकीट छापलेलं नव्हे तर कागदातून वर उठवलेलं, नखाला नक्षीसारखं लागणारं. काही लाखेची मोहोर लावलेले. बघता बघता सहाशेच्या वर जमले. बाप तिला पोस्टमास्तर म्हणू लागला, आणि घरात तेच नाव पडलं.

आता पोस्टमास्तर बावीस वर्षांची होती आणि एका मोठ्या दवाखान्यात टेलिफोनवर बसायची. बापाची पाठ गेली होती, तो घरीच असायचा. संग्रह चौदा खोक्यांत होता. खोकी चपलांच्या दुकानातली, फुकटची. दमट हवेसाठी त्याच खोक्यांत येणाऱ्या, ओल शोषणाऱ्या मण्यांच्या पुड्या. प्रत्येक कार्डाला बटर पेपरचा घडी घातलेला खिसा. मधले पडदे जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्याचे, आणि त्यांच्या वरच्या कडेला खाचा. एक खाच म्हणजे बाबांची कार्डं, दोन म्हणजे उठावाचे लिफाफे, तीन म्हणजे लाखेचे. तिच्याइतक्या झटपट वस्तू शोधणारं त्या घरात कुणी नव्हतं. डोळस बापाचा चष्मासुद्धा तीच शोधून द्यायची.

वाचनालयाने छंदांचं प्रदर्शन ठेवलं आणि ग्रंथपालबाईंनी तिला एक टेबल दिलं. काचेच्या चौकटी परवडण्यातल्या नव्हत्या आणि तिला नकोच होत्या. तिने जाड पुठ्ठे घेतले. कार्डाच्या चार कोपऱ्यांसाठी कागदाचे चार त्रिकोणी खिसे केले आणि पुठ्ठ्याला चिकटवले, म्हणजे कार्डाला डिंकाचा थेंबही लागायचा नाही. पुठ्ठे तिरपे टेकवायला बापाने फळांच्या पेटीच्या फळ्या तासून पट्ट्या करून दिल्या. सगळी मांडणी एका वेळच्या भाजीच्या पैशांत झाली.

बुधवारी संध्याकाळी तिने चोवीस निवडून एका वेगळ्या खोक्यात काढली आणि म्हणाली, "आई, रविवारी यांना दोनशे तरी हात लागतील!"

ती हे आनंदाने म्हणाली होती. मावशीने मात्र तेवढंच ऐकलं. दोनशे हात! घामाचे, तेलकट, आईस्क्रीम खाल्लेले. रात्रभर तिला ते हातच दिसत राहिले.

गुरुवारी लेक कामावर गेली आणि नवरा डुलक्या घेत होता. मावशीने खोकं उचललं आणि दुकानात नेलं. दुपारी एक ते चार दुकान बंद असतं. फळी अर्धी ओढून तिने मशीन तापवलं. आपण लेकीसाठी कधी काही केलं, असं तिला वाटत नसे; त्या दुपारी वाटलं. एकेक कार्ड तिने खिशातून काढलं, मऊ फडक्याने पुसलं, फिल्ममध्ये सरळ बसवलं आणि रुळांत सोडलं. मशीनने ते गरम गरम बाहेर ढकललं. कडा सारख्या कापल्या, टोचू नयेत म्हणून कोपरे गोल केले. इतकं मन लावून काम तिने गिऱ्हाइकांना कधी करून दिलं नव्हतं. सतरा झाली, सगळी नवऱ्याने टाकलेली. उरलेली सात म्हणजे लाखेचे आणि आत जाड पत्रं असलेले लिफाफे. ती रुळांत जाईनात, म्हणून राहिली.

संध्याकाळी पिशवीत ती सतरा आणि हातात खोकं घेऊन मावशी घरी आली. मनात मांडे खात होती. दार उघडंच होतं. आत लेक बापासमोर बसून रंगीत तालीम करत होती. जुन्या खोक्यातलं एक कार्ड तिने बापाच्या हातात दिलं होतं.

"डोळे मिटा. चोरून बघायचं नाही, बाबा."

"मिटले गं."

"अंगठा इथे. आता सावकाश खाली. काय लागतं?"

"खडबडीत काहीतरी. रस्ता खराब आहे."

"तुमचंच अक्षर आहे ते! रविवारी प्रत्येकाला असंच करायला लावणार आहे. डोळे मिटायचे आणि हाताने वाचायचं. टेबलावर पाटी लावणार, 'बघू नका, हात लावा.'"

मावशी उंबऱ्यातच थांबली. तिने पिशवीत हात घातला आणि वरच्या कार्डावर अंगठा फिरवला. गुळगुळीत. कार्ड उलटं केलं; मागेही गुळगुळीत. तापलेल्या रुळांनी उंचवटे दाबले होते आणि जे थोडे उरले असतील त्यांच्यावर प्लास्टिक ताणलं होतं. सतराच्या सतरा कार्डं हाताला एकसारखी लागत होती, बसच्या पासासारखी.

त्याच क्षणी सांगितलं असतं तर गोष्ट तिथेच संपली असती. पण मावशीने पिशवी मिटली. तिने सात लिफाफ्यांचं खोकं गुपचूप जागेवर ठेवलं आणि "दुकानात काहीतरी विसरले" म्हणून परत गेली. सतरा कार्डं काउंटरखाली, कोऱ्या कागदांच्या रिमेखाली गेली.

शुक्रवारी सकाळी लेकीने खोकं उघडलं. बोटांनी मोजलं आणि पुन्हा मोजलं.

"आई, यात सातच आहेत."

मावशी डबा भरत होती. तिची पाठ लेकीकडे होती. ती म्हणाली, "नीट बघ. असतील कुठेतरी."

बोलून गेल्यावर तिला आपले शब्द ऐकू आले. हातातली पोळी डब्यात ठेवायची तशीच राहिली.

लेकीने दवाखान्यात फोन करून सुट्टी घेतली. चौदाही खोकी जमिनीवर उतरवली आणि एकेक कार्ड खिशातून काढून अंगठ्याने तपासायला बसली. बाप आधी चेष्टा करत होता. "पोस्टमास्तरांच्या कचेरीत चोरी! आता पोलिसांना कार्ड टाकावं लागणार." ती हसली नाही, तेव्हा त्याने चेष्टा सोडली आणि झालेली खोकी बाजूला लावू लागला.

मावशीने दुकान उघडलं, पण लक्ष नव्हतं. एका माणसाला पाचाऐवजी पन्नास प्रती काढून दिल्या. दुपारी फळी ओढून तिने एक कार्ड बाहेर घेतलं, पात्याने कड चिरली आणि प्लास्टिक सोलायला घेतलं. असं होत नसतं हे तिला ठाऊक होतं, गिऱ्हाइकांना तीच सांगायची, "एकदा झालं की झालं हं, नंतर निघत नाही." तरी तिने ओढलं. कार्डाची वरची साल प्लास्टिकबरोबर निघून आली. 'जेवलो' हा शब्द उलटा होऊन फिल्मला चिकटला आणि हातात पिंजलेला कागद राहिला. मावशी स्टुलावर बसली ती बराच वेळ उठली नाही.

घरी आली तेव्हा सगळी खोकी परत जागेवर लागली होती आणि लेक भिंतीला टेकून बसली होती. अंगठा लाल झाला होता.

"सापडली?"

"नाही." अंगठा चोळत ती म्हणाली, "मीच कुठेतरी घातली असणार. बुधवारी रात्री मी जुने कागद रद्दीत काढले होते. बहुतेक त्यात गेली. मला तर आठवतंय मी मोजून ठेवली. पण माझ्या आठवण्याचं काय सांगायचं."

"तुझं कधी चुकत नाही गं," बाप म्हणाला.

"चुकलं ना आता."

मावशी हे ऐकत उभी होती. सांगायला दोन पावलं पुढे झाली आणि "चहा टाकते" म्हणून वळली. चहा टाकलाही. त्यात साखर घालायची राहिली, आणि कुणी मागितली नाही.

शनिवारी सकाळी लेक ग्रंथपालबाईंशी फोनवर बोलत होती. "बाई, माझं टेबल दुसऱ्या कुणाला तरी द्या. नाही, तब्येत बरी आहे. सतरा कार्डं माझ्या हातून हरवली. नाही हो, उरलेली आहेत, भरपूर आहेत. पण माझी मांडणी आता माझ्याच भरवशाची राहिली नाही. सगळं हाताने लक्षात ठेवायचं, आणि हातच असं करायला लागला तर..." पलीकडून बाई काहीतरी बोलत होत्या. "बरं, संध्याकाळी कळवते. पण धरून चालू नका."

मावशी चपला न घालताच जिना उतरली. रीम उचलली, सोळा गुळगुळीत कार्डं आणि एक पिंजलेलं घेतलं, वर आली आणि लेकीच्या मांडीवर ठेवलं.

"हे घे. मी केलं."

लेकीने वरचं कार्ड उचललं. अंगठा टेकला आणि सरकला. तिने पाठ बघितली. दुसरं घेतलं, तिसरं घेतलं. मग गोल केलेल्या कोपऱ्यावर बोट थांबलं. तो कोपरा वस्तीत एकाच दुकानात होत असे.

"केव्हा?"

"गुरुवारी दुपारी. लोकांच्या हातांनी खराब होतील म्हणून. मला वाटलं, बाई, की तू खूश होशील. परत येऊन बघते तर तू बाबांना..."

"म्हणजे शुक्रवारी तुला माहीत होतं."

मावशी खाली बसली.

"मी खोकं उघडून विचारलं, तेव्हा तुला माहीत होतं. मी सहाशे कार्डं काढली, तेव्हा माहीत होतं."

"हो."

"कार्डं गेली ते जाऊ दे, आई. तू सांभाळायलाच केलंस, तेवढं कळतं मला. पण काल दिवसभर मी मलाच वेडी समजत होते. मला वाटलं, डोळे गेले, आता हे पण चाललं." तिचा आवाज चढला नव्हता. "लहानपणी पण असंच झालं होतं. तू 'नीट बघ' म्हणायचीस आणि मला वाटायचं, खरंच मी सोंग करत असेन. मी वर्गात डोळे ताणून ताणून बघायचे. मला वाटायचं, आई म्हणते म्हणजे दिसतच असणार."

मावशीने पदर तोंडाला लावला. इतकी वर्षं तिला वाटत होतं की आपली चूक डोळ्यांशी झाली. पोर वर्गात बसून स्वतःवरच संशय घेत होती, हे तिच्या कधी मनातही आलं नव्हतं. त्यावर कुठल्या डॉक्टरांचं मत घ्यायचं?

बाप खुर्चीतून कसाबसा उठला आणि एक कार्ड उजेडात धरून बघू लागला. "काम मात्र एक नंबर केलंय," तो म्हणाला. मग त्याने कार्ड परत ठेवलं. "मी पुन्हा लिहून देतो ना सतरा. आहे काय त्यात, तीनच तर वाक्यं."

"बाबा, ती थांब्यावरून लिहिलेली होती. सोफ्यावरून 'पोचलो' लिहून काय करू?"

"तेही खरंच."

लेकीने फोन उचलला आणि ग्रंथपालबाईंना सांगितलं की टेबल तिला हवं आहे. कार्डं तिच्या हातून हरवली नव्हती. एवढंच सांगितलं. मग मावशीकडे न वळता म्हणाली, "पुठ्ठे आहेत तेवढेच राहू देत. सतरा जागा रिकाम्या ठेवणार आहे. कुणी विचारलं तर तू सांगायचं."

रविवारी दोनशे नाही, पण दीडशे माणसं तरी येऊन गेली. मोठमोठी माणसं टेबलापाशी डोळे मिटून उभी राहिली आणि लाखेच्या मोहोरेवर बोट फिरवून हसली. रिकाम्या कागदी कोपऱ्यांकडे बोट दाखवून जवळजवळ प्रत्येकाने विचारलं, "इथलं काय झालं?" लेक म्हणायची, "आईला विचारा." आणि मावशी सांगायची, "माझं लॅमिनेशनचं दुकान आहे. मी ती लॅमिनेट केली. हिला न विचारता." पहिल्या दहा जणांना सांगताना ती मध्येच अडखळली. पुढे पुढे शब्द सरळ येऊ लागले, पण सोपे झाले नाहीत. एक बाई म्हणाली, "अहो, चांगल्या मनानेच केलं ना." मावशी म्हणाली, "हो. आणि मग लपवलं." बाई पुढच्या टेबलाकडे गेली.

त्यानंतर खोकी पुसायची असली तरी मावशी आधी विचारायची. लेक "राहू दे, मी करते" म्हणायची. भांडण नव्हतं. जेवायला एकत्र बसायच्या, दवाखान्यातल्या गमती निघायच्या, बापाच्या चष्म्यावरून हसू व्हायचं. पण लेक एखादी वस्तू ठेवली की जाताना पुन्हा एकदा हात लावून बघायची, जागेवर आहे ना. आधी बघत नसे. मावशीला ते दर वेळी दिसायचं.

दुकानातही थोडं बदललं. कुणी जुनं पत्र घेऊन आलं की मावशी मशीन लावायच्या आधी म्हणायची, "जरा डोळे मिटून हात फिरवा यावरून. मग सांगा करायचं का." अर्धे परत घेऊन जायचे. नवरा म्हणायचा, "बंद करून टाक आता दुकान, आपण दोघं सोफ्यावर बसू."

महिन्याभराने तिने टपाल कचेरीतून एक कोरं कार्ड आणलं. दुकानातल्या काउंटरवर ठेवून, पेन मुठीत धरून, बोटभर उंचीच्या अक्षरांत लिहिलं. आपल्याच घरचा पत्ता घातला आणि कोपऱ्यावरच्या पेटीत टाकलं. तीन दिवसांनी ते आलं. बापाने वाचलं, लेकीच्या हातात दिलं आणि पाण्याचं निमित्त करून आत गेला.

लेकीने आधी शिक्का बघितला. "आपल्याच कचेरीचा. हलकेच टेकवणारा." मग कार्ड उलटं केलं. "बाबांचं नाही हे. कोणाचं?"

"माझं."

"कुठे गेली होतीस?"

"कुठे नाही. दुकानातून टाकलं."

अंगठा सावकाश खाली सरकू लागला. "दु-का-ना-त आहे." हसली नाही, पण ओठाची कड हलली. "मी-च केलं." मग बोट तिसऱ्या ओळीवर गेलं, मागे आलं, पुन्हा गेलं. तिसरी ओळ लिहिताना मावशीने पेन जेमतेम टेकवलं होतं, त्यामुळे दाब पडला नव्हता. तिथे लिहिलं होतं, 'तू नीटच बघत होतीस.'

"शेवटची ओळ लागत नाही."

"मी सांगते, तिथे..."

"सांगू नकोस. खाली काय घेतलं होतंस?"

"काउंटर."

"काउंटर टणक असतो. बाबा मांडीवर धरून लिहायचे, म्हणून उठायचं. खाली पेपरची जाड घडी घे." तिने कार्ड आईच्या हातात परत दिलं. "ती ओळ पुन्हा लिही. लागली तर ठेवू."

मावशीने खाटेवरचा पेपर ओढला आणि घडी घालायला घेतली.